बसलेला मध

नाना, आज सकाळी मी पार्किंगमध्ये तुमच्याशी भांडले. समोर तुम्ही नव्हतात, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. पण हातातला काचेचा ग्लास, ग्लासातलं पाणी, पाण्यावर रोखलेली नजर आणि भोवती जमलेली माणसं, सगळं इतकं तुमचं होतं की मी त्यांना दोनदा ‘नाना’ म्हणता म्हणता राहिले. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. माणूस गेला की त्याचे नियमही त्याच्याबरोबर जातात अशी माझी आपली भाबडी समजूत. तुमचे नियम ओझरच्या कॉलनीतून निघून नाशिकला गंगापूर रोडवर राहायला आलेत आणि आता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतात. म्हणून म्हटलं, एकदा तुम्हालाच लिहावं. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची माझी टाप नव्हती.

भांडण मधावरून झालं. तुम्हाला नवल वाटायचं नाही, कारण आपल्या घरात मधावरून जेवढं झालं तेवढं जमिनीवरून झालं नसेल. तुम्ही विमानाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात. ‘एक स्क्रू चुकला तर माणसं मरतात’ हे तुमचं वाक्य आम्ही भाकरीच्या बाबतीतही ऐकलेलं आहे. तुमच्या शर्टाच्या खिशात कायम एक लाल-निळी पेन्सिल असायची, निळी खूण म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, आणि ती पेन्सिल कारखान्याच्या फाटकावर थांबत नसे. माझी गणितं, शिंप्याने शिवलेली बाही, भाजीवाल्याचा तराजू, सगळ्यांची तपासणी व्हायची. एका संक्रांतीला आईची गुळपोळी कडेला फुटली तेव्हा ‘ही दुरुस्तीला परत पाठव’ म्हणालात आणि आईसुद्धा हसली. हसली नसती तर काय केलं असतं तिने? चवीवर तुमचा विश्वास नव्हता. ‘जीभ फसवते, माप फसवत नाही,’ हे तर मला झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवता आलं असतं.

मध आपल्याकडे लोखंडी कपाटात असायचा, निलगिरीच्या तेलाशेजारी, कुलपात. कुणी खोकलं की आल्याच्या रसातून अर्धा चमचा, आणि पूजेला पंचामृतात चार थेंब, तेही तुम्ही समोर उभं राहून घालायचात. मी तिसरीत असेन. आईने खोकल्याच्या औषधासाठी वाटीत मध काढला आणि ती आलं किसायला वळली. तव्यावरची बाजरीची भाकरी नुकतीच उतरली होती. मी तिचा गरम पापुद्रा वाटीत बुडवला आणि खाल्ला. दुसरा बुडवला, तेवढ्यात तुम्ही पहिल्या पाळीहून आलात. दारातच उभे आहात, हातात डब्याची पिशवी.

“तुला खोकला आहे?”

“नाही.”

“मग मध कशाला?”

“आवडतो.”

तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मी विसरले असते. तुम्ही शांतपणे म्हणालात, “मध औषध आहे. औषध आवडायला लागलं की माणूस बिघडला म्हणून समज.” आणि मग हातातला पापुद्रा संपव म्हणालात, आणि मी संपवेपर्यंत समोर उभे राहिलात. तो घास कसा लागला ते मला आजही सांगता येत नाही. मधाचं बोट लावणं म्हणतात, आपल्या घरात ते बोट लावायचीच चोरी होती.

आता ऐका. माझ्या स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत अकरा बरण्या आहेत, नाना. कुलूप नाही, कपाट नाही. सकाळचं ऊन त्यांच्यातून आत येतं आणि ओट्यावर पिवळे, तांबडे, काळपट डाग पडतात. जांभळाचा मध आहे, दिसायला काकवीसारखा, आधी गोड आणि घशाशी गेल्यावर कडवट-तुरट, पाहुणे पहिल्यांदा तोंड वाकडं करतात आणि मग पुन्हा मागतात. ओव्याचा आहे, तो ताकाबरोबर. आग्यामोहोळाचा आहे, पातळ, धुराचा वास येणारा, कारण धूर केल्याशिवाय तो कुणाच्या बापाला मिळत नाही. एक बरणी डोंगळ्याची आहे. बियाण्यासाठी शेतात सोडलेल्या कांद्याला पांढरे गोंडे येतात ना, त्यांच्यावर मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात, त्याचा हा मध. आणला तेव्हा बरणी उघडली की कांद्याची चाळ उघडल्यासारखं व्हायचं. आमचे हे म्हणाले, “याची भजी करायची की काय?” मी बरणी दोन-तीन महिने बाजूला ठेवली. वास उडून गेला, आणि खाली जी चव उरली तिला माझ्याकडे शब्द नाही. कारवीचा मधही आहे, नाना. सात वर्षांनी एकदा फुलणारी ती कारवी. त्याची एवढीशी बरणी मी सात वर्षं पुरवणार होते, अगदी तुमची मुलगी शोभेन अशी. गेल्या पावसाळ्यात जाऊबाई आल्या, गप्पा रंगल्या आणि आम्ही निम्मी बरणी उडवली. मला जराही वाईट वाटलं नाही.

रविवारी सकाळी बरण्या खाली उतरतात. नाचणीची भाकरी, घरचं लोणी, कवडीचं दही, फोडी केलेला पेरू, ज्याला ज्याच्यावर हवा त्याच्यावर मध. आमच्याकडे त्या टेबलावर एकच नियम आहे, चांगला-वाईट म्हणायचं नाही, काय लागतं ते सांगायचं. मुलगा जांभळाच्या मधाला म्हणाला, शाळेचं लाकडी बाक चाटल्यासारखा. (बाक कधी चाटलंस, हे मी विचारलं नाही.) आमचे हे दर रविवारी ‘गोड’ एवढंच सांगून सुटका करून घेतात. तासभर हे चालतं. जिभेचे चोचले म्हणाल, तर हो, चोचलेच. कुणालाही खोकला नाही, नाना, आणि आम्ही पोटभर मध खातो.

आणि असंही नाही की मी तुमचं सगळं फेकून दिलं. पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी मालाची तपासणी करते, इतकी वर्षं तेच करतेय. मण्याचा रस ब्रिक्स मीटरच्या काचेवर टाकायचा, डोळ्याला लावायचं, गोडी वाचायची. मी नको म्हटलं की अख्खा टेम्पो मागे फिरतो, आणि बागाईतदार तावातावाने बोलला तरी मी हलत नाही. त्या वेळी आरशात पाहिलं तर तुम्हीच दिसाल. फक्त ते यंत्र मी घरी आणत नाही.

आता त्या बाईची गोष्ट. तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरले. सुरगाण्याकडच्या डोंगरातून ती दर मार्गशीर्षात कॉलनीत यायची, डोक्यावर पाटी, पाटीत मधाचा डबा, डिंक आणि हिरडे. आम्ही तिला मधवालीच म्हणायचो, नाव कुणी विचारलं नाही. आई तिला मागच्या दाराशी चहा द्यायची आणि दोघी पायरीवर बसून बोलायच्या, आईचं असं बोलणं एरवी मी ऐकलंच नाही. त्या वर्षी आपण तिच्याकडून मध घेतला आणि आठ-दहा दिवसांत तो बरणीत बसला. पार थिजला, फिकट पिवळा, रवाळ तुपासारखा. थंडीही तशीच पडली होती, सकाळी नळाला हात लावता येत नव्हता. पण मध थिजला म्हणजे त्यात साखर, हे तुम्हाला जसं ठाऊक होतं तसं सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. एकाने म्हटलं की दुसऱ्याने मान डोलवायची. आजही तेच चाललंय.

पुढच्या रविवारी ती उरलेल्या घरांना मध द्यायला आली आणि तुम्ही तिला अंगणात थांबवलंत. आठ घरांची माणसं जमली. तुम्ही ग्लासात पाणी घेतलंत, मध टाकलात, तो तळाशी गेला, ही म्हणे खऱ्या मधाची खूण. कापसाची वात मधात भिजवून पेटवलीत, ती तडतडली, ही भेसळीची. ती बाई उकिडवी बसून सगळं बघतेय.

“भाऊ, साखर नाय ओ,” ती म्हणाली. “हा मध थंडीनं बसतो. उन्हात ठेवा, सुटंल.”

“मध बसत नाही. पाक बसतो.”

“मी थांबते ना हितं दुपारपरेंत. उन्हात ठेवा नि बघा.”

तिने स्वतःच आपल्या घरची ती थिजलेली बरणी कुंपणाच्या भिंतीवर, उन्हाच्या पट्ट्यात नेऊन ठेवली आणि खाली पाय पसरून बसली. तिला दुपारपर्यंत बसायची तयारी होती. तुम्हाला नव्हती. तुम्ही निकाल दिलात, “ही बाई भेसळ करते, कुणी घेऊ नका.” झालं. घराघरातून बरण्या परत आल्या. थिजलेला मध ओतला जाईना, तेव्हा ती बोटाने खरवडून डब्यात घालायला लागली. आईने आतून चमचा आणून तिच्या हातात दिला. आईने तेवढंच केलं, आणि तेवढंसुद्धा बाकी कुणी केलं नाही. सगळं भरून झाल्यावर तिने चमचा पदराला पुसला, पायरीवर ठेवला आणि निघून गेली. पुढच्या मार्गशीर्षात आई दोन-तीनदा मागच्या दाराशी जाऊन आली. मग लाडवांचा डिंक बाजारातून आला.

ते वर्षानुवर्षं माझ्या मनात तसंच पडून होतं. मग एका हिवाळ्यात आमच्या पॅकहाउसवर एक गृहस्थ आले, डाळिंबाच्या आणि डोंगळ्याच्या शेतांत भाड्याने मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारे. डबा खाता खाता मी त्यांना सहज विचारलं, सुरगाणा-पेठकडचा मध थंडीत थिजतो का हो? ते भाकरी मोडता मोडता म्हणाले, “तिकडं खुरासणी पेरत्यात ताई, पिवळी फुलं. खुरासणीचा मध थंडीत बसणारच. नाय बसला तर विचारा, का नाय बसला.” आणि ते पुढे जेवायला लागले. माझा डबा त्या दिवशी अर्धाच परत आला. पुढच्या रविवारी मी पहिली बरणी आणली, खुरासणीचीच. खिडकीतल्या बाकीच्या दहा तिच्यामागून आल्या. तुम्ही चुकलात, नाना. तुमच्या ग्लासाने काहीच सांगितलं नव्हतं, तुमची वात चुकली आणि ‘मध बसत नाही’ हे तुमचं वाक्य ठार चुकलं.

तर आज सकाळचं. गेली दोन वर्षं सुरगाण्याकडचीच एक बाई आमच्या सोसायटीत मध आणते. तिशीतली आहे, स्कूटरवर येते, हिशेब मोबाइलवर ठेवते. तुमच्या मधवालीची ती कुणी नव्हे, मी विचारून पाहिलं होतं. काल ग्रुपवर अध्यक्षांनी थिजलेल्या बरणीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘सावधान, भेसळ! उद्या सकाळी दहा वाजता सर्वांसमोर परीक्षा.’ खाली अंगठ्यांची रांग. कुणी लिहिलं, कुत्रा खरा मध खात नाही, कुत्र्याला घालून बघा. साप साप म्हणून भुई धोपटायची यांना किती हौस! मी दहाला खाली उतरले तेव्हा पाण्याचा ग्लास तयार होता आणि ती बाई सांगत होती, “काका, थंडीमुळं बसलाय. उन्हात ठेवा ना, सुटेल.”

अहो, तेच वाक्य. चाळीस वर्षांनी, तेच वाक्य. मला असा काही संताप आला म्हणता! मी म्हटलं, अध्यक्षसाहेब, पाण्यात साखरेचा दाट पाकसुद्धा तळाशीच जातो, घरी करून बघा. माझ्याकडे हजारोंचं यंत्र आहे गोडी मोजायचं, तेही मधाची साखर आणि पाकाची साखर वेगळी सांगत नाही. शंका असेल तर प्रयोगशाळेत द्या, आणि उत्तर येईपर्यंत या बाईला चोर म्हणू नका. ते म्हणाले, “मॅडम, मग तुम्ही कशावरून म्हणता खरा आहे?” मी म्हटलं, मी खाते म्हणून. दोन वर्षं खातेय, मला चव कळते. “जिभेचं काय सर्टिफिकेट असतं का?” असं ते म्हणाले आणि सगळे हसले.

मग मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली, नाना. सगळी. अंगण, वात, भिंतीवरची बरणी, खरवडणारं बोट, आईचा चमचा, आणि पॅकहाउसवर मला कळलं ते. म्हटलं, माझे वडील अतिशय प्रामाणिक माणूस होते आणि त्यांनी एका निरपराध बाईला आठ घरांसमोर चोर ठरवलं, कारण त्यांना दुपारपर्यंत थांबायला सवड नव्हती. आज आपण थांबू. मी वरून पातेल्यात कोमट पाणी आणलं, अध्यक्षांची बरणी त्यात ठेवली, पातेलं उन्हात ठेवलं आणि खुर्ची टाकून त्या बाईशेजारी बसले. लोक आले, गेले. बाराच्या सुमाराला कडा सुटल्या, एकपर्यंत आख्खी बरणी मोकळी झाली, स्वच्छ पिवळी. सुटला म्हणजे शुद्ध ठरला असंही नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं, पण तोवर कुणाला परीक्षा उरली नव्हती. अध्यक्षांनी मेसेज काढून टाकला, शिवाय ‘गैरसमज झाला’ असंही लिहिलं. तिच्या सगळ्या बरण्या गेल्या. जाताना ती मला म्हणाली, “ताई, तुम्ही वडिलांची चूक सांगितलीत, म्हणून माझं काम झालं बघा.”

ते मला लागलं. घरी येऊन कागद घेतला तो त्यामुळेच.

कारण पार्किंगमध्ये सांगितली आणि इथे वर लिहिली, त्या दोन्ही गोष्टींत मी एक जागा गाळली आहे. वात तडतडली तेव्हा तुम्ही निकाल दिला नव्हता. वात थोडी जळलीही होती. तुम्ही घुटमळलात. संशय असला की तुम्ही एकट्याने लाल खूण करत नसायचात, दुसऱ्याला विचारायचात, ही तुमची कारखान्यातली रीत. तुम्ही मला हाक मारलीत. “पोर खोटं बोलणार नाही,” असं सगळ्यांना म्हणालात, आणि चमच्याच्या टोकावर तो रवाळ मध घेऊन माझ्या तळहातावर ठेवलात. आयुष्यात एकदाच तुम्ही जिभेवर भरवसा ठेवलात, आणि तो माझ्या. ती बाई माझ्याकडे बघतेय. आई दारात आहे. मी चाटलं. साखर दाताखाली करकरते, हे कण जिभेवर नुसते टेकले आणि विरघळले, गार, आणि मागे फुलांचा वास राहिला. मला कळलं होतं, नाना. दहा वर्षांची होते पण मला कळलं होतं. पण मध आवडतो म्हटल्यावर मी बिघडलेली ठरले होते, आणि आता तुम्ही माझ्याकडे पास झालेल्या मालाकडे बघतात तसं बघत होतात. मी म्हटलं, “साखर आहे.”

तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. संध्याकाळी खिशातली ती लाल-निळी पेन्सिल काढून मला दिलीत. तिचा बोटभर तुकडा अजून माझ्याकडे आहे, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मी तिच्याच निळ्या टोकाने लिहिते. कुणी विचारलं तर वडिलांची आठवण म्हणते.

तरी एक सांगते, आणि यात मी मागे हटणार नाही. दहा वर्षांच्या पोरीला आठ घरांसमोर उभं करून विचारायचं नव्हतं तुम्ही. आणि मी काहीही म्हटलं असतं तरी ती बरणी दुपारपर्यंत उन्हात राहू द्यायची होती. तेवढं तुमच्या हातात होतं. माझ्या खिडकीतल्या बरण्या आहेत तिथेच राहतील, रविवारी उघडतील, आणि तुमच्या नियमांना मी माझ्या टेबलावर बसू देणार नाही. हे पत्र खुरासणीच्या बरणीखाली घडी करून ठेवतेय. तुम्हाला पोचायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला द्यायची माझी हिंमत नाही.

दुपारी पार्किंगमधून वर येताना अध्यक्षांनी मला थांबवलं. म्हणाले, “मॅडम, रागावू नका, पण खरंच तुमच्या वडिलांनी एकट्यानेच ठरवलं का हो तिला खोटं?”

मी हो म्हटलं, नाना.